लेखक कोणत्या स्टेशनावर उतरतो?

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचं हे पूर्ण लिखाण. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.)

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. अठरा सेकंदांचा. मागे एसटीचा हॉर्न वाजतोय, आणि हा पोरगा विचारतोय, "भाऊ, पुण्यात पुस्तकाच्या दुकानात लेखक येतात, लोक सही घेतात, फोटो काढतात. आपल्या नांदुऱ्यात काऊन येत नाही कोणी?"

मी लगेच अंगठा पाठवून मोकळा झालो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण अकरावी-बारावीत मीही हेच विचारायचो, फक्त व्हॉइस मेसेज नव्हता तेव्हा. तर आजचा भाग त्या अठरा सेकंदांवर.

जे बाहेरून ऐकतायत त्यांच्यासाठी आधी पत्ता सांगतो. बुलढाणा जिल्हा. मुंबई-नागपूर रेल्वेवर मलकापूर सोडलं की शेगावच्या अलीकडे नांदुरा. हायवेने गेलात तर १०५ फुटी हनुमान दिसतो, तेच आमचं गाव. बहुतेकांनी नांदुरा असाच पाहिलाय, गाडीच्या खिडकीतून. आणि गंमत म्हणजे मराठी लेखकांनीही तो बहुधा असाच पाहिला असणार.

ही रेल्वे काही लेखकांसाठी टाकली नव्हती. भुसावळहून वऱ्हाडातून नागपूरपर्यंतचा मार्ग १८६७ साली पुरा झाला तो कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचा भाव वधारला. खामगावच्या बाजारासाठी तर जलंबहून वेगळा फाटा काढला, १८७० मध्ये. इथून गाठी जायच्या मुंबईला. पण डबे रिकामे परत येत नाहीत ना! परतीला कापड आलं, रॉकेल आलं, टपाल आलं आणि टपालात छापलेला कागद आला. ज्या १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोचली, त्याच वर्षी मुंबईत 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक सुरू झालं. पुढची सत्तर वर्षं ते चाललं. हे मासिक लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

नांदुऱ्याहून उत्तरेला निघालं की पूर्णा नदी ओलांडून तासाभरात जळगाव जामोद येतं. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. रेल्वे तिथे आजही नाही. जवळचं स्टेशन कोणतं? नांदुरा. आणि या जळगाव जामोदला एक वकील राहायचे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

थांबा, नाव ऐकून पुढे ढकलू नका. शाळेत आपण जे जुनं 'महाराष्ट्र गीत' म्हणायचो (आता राज्यगीत झालंय ते वेगळं, ते राजा बढे यांचं), ते यांनी लिहिलेलं. जन्म १८७१, नागपूरचा. 'वीरतनय' हे नाटक किर्लोस्कर मंडळींनी १८९६ मध्ये रंगभूमीवर आणलं आणि माणूस एकदम नावारूपाला आला. पुढे वकिलीसाठी खामगाव आणि जळगाव जामोद. दिवसा शेताच्या बांधाचे आणि सावकारीचे दावे चालवायचे, आणि मग सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या या तीन पात्रांना घेऊन मराठी समाजाच्या खोड्या काढायच्या. ते लेख 'विविधज्ञानविस्तारा'त यायचे. त्यांचं पुस्तक झालं 'सुदाम्याचे पोहे'. मराठीत विनोदी लेख म्हणून आज जे काही लिहिलं जातं, त्याचं मूळ शोधत गेलात तर ते या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्याच्या गावात सापडतं. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानायचे. गडकऱ्यांचा बाळकराम म्हणजे सुदाम्याचाच पुढचा वंश. १९२७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष हेच कोल्हटकर.

म्हणजे बघा, "आपल्याकडे लेखक काऊन येत नाही" असं आपण विचारतो, आणि महाराष्ट्राला हसवायला शिकवणारा माणूस आपल्याच वेशीपलीकडे राहत होता. पुण्याला जायचं तर त्याला गाडी धरायला इकडेच यावं लागणार.

पण इथे एक मेख आहे. कोल्हटकर इथे राहून लिहायचे, छापून यायचं मुंबईत, आणि वाचक भेटायचा तो पोस्टाने. हस्तलिखित नदी ओलांडून, रेल्वेत बसून जायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी मासिकाच्या पानांवर परत यायचं. लेखक घरी, वाचक घरी. दोघांच्या मधे डाकवाला.

मग लेखक आणि लोक समोरासमोर कुठे यायचे? संमेलनात. १८७८ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरवलं. नावातच सगळं आलं, ग्रंथकारांचं संमेलन. वाचकाला तिथे खुर्ची आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. १८८५ ला दुसरं भरलं, तेव्हा जोतीराव फुल्यांना बोलावणं गेलं आणि त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. ते पत्र मिळालं तर पूर्ण वाचा. वरच्या जातींच्या मंडळींनी आपापसात भरवलेल्या सभेतून शूद्र-अतिशूद्रांच्या पदरात काय पडणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता. साहित्याच्या कार्यक्रमाला कोणाला बोलावलं जातं आणि कोणाला नाही, हे भांडण एवढं जुनं आहे. आज इन्स्टावर संमेलनाच्या वेळी वाद होतात ना, त्यात नवं असं थोडंच असतं.

१९१२ साली संमेलन आपल्या अंगणात आलं, अकोल्याला. अध्यक्ष हरि नारायण आपटे, 'पण लक्ष्यात कोण घेतो'वाले. पुण्या-मुंबईकडून अकोल्याला येणारी गाडी नांदुऱ्यावरूनच जाते. किती लेखक त्या आठवड्यात आपल्या स्टेशनावरून गेले असतील! त्यानंतर १९२३ मध्ये अमरावतीला विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला, मग गावोगाव शाखा, व्याख्यानं. हे सगळं चांगलंच. पण व्याख्यानात लेखक मंचावर असतो, आपण सतरंजीवर. हार, प्रास्ताविक, परिचय, आभार. प्रश्न विचारायचा तर चिठ्ठी पाठवा. आणि घरी जाताना हातात पुस्तक नसतं, कारण पुस्तक विकायला तिथे कोणी बसलेलंच नसतं. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला मुद्दा हाच आहे, त्याच्याकडे परत येतो.

आता गाडी पकडून मुंबईला चला. गिरगाव. तिथे मॅजेस्टिक नावाचं थिएटर होतं. 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ ला इथेच लागला. १९४० च्या दशकात या थिएटरजवळ केशवराव कोठावळे नावाच्या तरुणाने पुस्तकांचा स्टॉल टाकला. जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून वर आलेला माणूस, मागे ना गादी ना घराणं. नाव काय द्यायचं? शेजारी थिएटर आहे तेच: मॅजेस्टिक बुक स्टॉल. (कुलाब्याला १९४८ मध्ये टी. एन. शानभाग यांनी स्ट्रँड थिएटरमध्ये छोटासा स्टॉल सुरू केला, त्याचं नाव स्ट्रँड बुक स्टॉल. दोन मोठी दुकानं, दोन्ही सिनेमाच्या नावाने. पुस्तकवाल्यांनी सिनेमाला शिव्या घातल्या की मला हे आठवतं.)

कोठावळ्यांचं वेगळेपण काय? तो स्टॉल नुसता स्टॉल राहिला नाही. पुढे मॅजेस्टिक प्रकाशन आलं. मग जानेवारी १९६४ मध्ये 'ललित' मासिक आलं, आणि ते मासिक पुस्तकांबद्दलचं! नवीन काय आलं, कोण काय लिहितंय, कोणाचं कोणाशी बिनसलं. त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने लेखकांची टिंगल करायचे, सोबत वसंत सरवट्यांची चित्रं. आजचे मीम पेज म्हणा ना! मोठमोठे लेखक वाट बघायचे की या महिन्यात आपल्या डोक्यात हातोडा पडतोय का. पडला तर राग, नाही पडला तर जास्त राग.

'ललित'ने अजून एक केलं, वाचकांकडून वर्षाची आवडती पुस्तकं मागवायला सुरुवात केली. 'चोखंदळ वाचकांची निवड'. म्हणजे आडगावच्या शिक्षकाचं मतही गिरगावच्या टेबलावर पोचायचं, पोस्टाने का होईना. आणि मग मॅजेस्टिक गप्पा. नाव ऐका हं: व्याख्यानमाला नाही, परिसंवाद नाही, गप्पा. पुण्यात आणि पार्ल्याला संध्याकाळच्या वेळी लेखक, नट, गायक, शास्त्रज्ञ समोर बसायचे आणि कोणीतरी त्यांना बोलतं करायचं. शेजारी टेबलांवर पुस्तकं. ऐकलं, आवडलं, उठून दोन पावलं गेलं की पुस्तक हातात.

ही दोन पावलं फार महत्त्वाची आहेत.

जगातही ही रीत काही फार पुरातन नाही. पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईने १९१९ मध्ये 'शेक्सपिअर अँड कंपनी' नावाचं दुकान काढलं. जेम्स जॉइसची 'युलिसिस' छापायला कोणी धजेना, तेव्हा १९२२ मध्ये तिने छापली. १९३० च्या दशकात मंदी आली, अमेरिकन गिऱ्हाईक घरी गेलं, दुकान बंद पडायची वेळ आली. तेव्हा आंद्रे जीद आणि इतर लेखकांनी दुकानाच्या मित्रांचं मंडळ काढलं. वर्गणी भरायची आणि दुकानात लेखकाचं वाचन ऐकायला यायचं. १९३६ मध्ये टी. एस. इलियटही तिथे येऊन वाचून गेला. म्हणजे आज आपण ज्याला 'लेखक आपल्या भेटीला' म्हणतो, तो त्या दुकानात आला तो उसनवारी फेडायला. दुकान टिकावं म्हणून लेखक आले. हे उलटं आपण विसरतो. आपल्याला वाटतं लेखकाचं भलं व्हावं म्हणून दुकानदार कार्यक्रम करतो.

आणि एवढं करूनही दुकानं जातात. स्ट्रँड २०१८ च्या फेब्रुवारीत बंद झालं. त्या दिवसांत लोक फोटो काढायला दुकानात गेले. एरवी नव्हते जात.

आता परत जिल्ह्यात येऊ, कारण आपल्याकडे याच्या बरोबर उलटी गोष्ट घडलीय आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. मेहकर. रेल्वे नाही. तिथे ना. घ. देशपांडे नावाचे वकील (परत वकील!), जन्म १९०९, सिंदखेडराजाचा. त्यांनी 'शीळ' नावाची कविता लिहिली. नागपूरच्या गोविंदराव जोशींना, म्हणजे जी. एन. जोशींना ती सापडली, त्यांनी चाल लावून गायली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची ग्रामोफोन रेकॉर्ड निघाली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना लोक इथूनच सांगतात. कवी मेहकरात बसलेला, आणि त्याचे शब्द पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत तबकडीवर फिरतायत. 'शीळ' हा कवितासंग्रह कधी आला माहितीय? १९५४ मध्ये. आधी ऑडिओ, मग वीस वर्षांनी पुस्तक. आपल्या जिल्ह्यातला पहिला पॉडकास्टर कोण असं कोणी विचारलं तर मी बिनदिक्कत ना. घ. देशपांड्यांचं नाव सांगणार. पुढे 'खूणगाठी'ला साहित्य अकादमी मिळालं, १९८६ चं. ते मात्र मेहकरचेच राहिले.

तेव्हा ऐकणं आपल्याला नवं नाही. कीर्तन ऐकलं, ग्रामोफोन ऐकला, शारदोत्सवात रात्री दोनपर्यंत कविसंमेलनं ऐकली. विठ्ठल वाघांची वऱ्हाडी कविता किंवा मिर्झा रफी अहमद बेग यांची 'मिर्झा एक्स्प्रेस' ऐकायला लोक चटया घेऊन जागा धरायचे. माझ्या मोठ्या काकांना त्यातले चुटके पाठ आहेत, पण घरात पुस्तक एकही नाही. का? विचारलं तर म्हणाले, "अरे, विकत कुठी भेटते ते?" चिडून नाही, साधं उत्तर दिलं.

आपल्याकडे कमी पडली ती ही जागा. लेखक होते, ऐकणारेही होते. लेखक बोलला आणि लगेच दोन पावलांवर पुस्तक मिळालं, अशी जागा नव्हती. गावातलं पुस्तकांचं दुकान म्हणजे काय असतं आपल्याला माहितीय. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं, वह्या, गाईडं. मग कंपास, चार्टपेपर, राख्या, तिळगुळाची पाकिटं, स्पर्धा परीक्षेचे ठोकळे. गोष्टीची पुस्तकं सगळ्यात वरच्या फळीवर, आणि मागितली तर काका स्टूल शोधायला लागतात.

काकांना दोष देऊ नका. हिशोब मांडून बघा. समजा कादंबरी ३०० रुपयांची. दुकानदाराला त्यात पाव हिस्सा सुटला तर ७५ रुपये. कार्यक्रम केला आणि दहा प्रती गेल्या तर साडेसातशे. त्यात लेखकाचं जाण्यायेण्याचं तिकीट, खुर्च्यांचं भाडं, चहा, एक फ्लेक्स. काही उरलं तर मला सांगा. आणि उरलेल्या प्रती परत पाठवायचा पार्सल खर्च कोणी धरलाच नाही. मोठ्या शहरात हे जमतं, कारण तिथे दुकानदार वर्षभर तेच करतो. पुण्याच्या अक्षरधारासारख्यांनी तर ट्रकभर पुस्तकं घेऊन गावोगाव प्रदर्शनं लावली. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी ग्रंथोत्सव होतो, ग्रंथदिंडी निघते. पण प्रदर्शन आठ-दहा दिवसांनी तंबू गुंडाळतं. दुकान तिथेच राहतं, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतं, आणि काल जो पोरगा लाजून काही बोलला नाही तो आज येऊन विचारू शकतो.

मी एकदा असा कार्यक्रम पाहिलाय. गाव नको सांगायला, आपल्यापेक्षा मोठं. पाच वाजताचा कार्यक्रम, लेखकाची गाडी दीड तास लेट. साडेसहाला आम्ही नऊ जण उरलो होतो, त्यातले दोन दुकानातले. दुकानदाराचं तोंड उतरलेलं. लेखक आले, खुर्च्या बघितल्या, आणि माईक बाजूला ठेवून आमच्यात येऊन बसले. एका बाईंनी विचारलं, "तुमच्या कादंबरीतली सून शेवटी माहेरी का जात नाही?" ते म्हणाले, "माझ्या आईला विचारायला हवं होतं मी, विचारलंच नाही." मग कोणी बराच वेळ काही बोललं नाही. दोन प्रती विकल्या गेल्या. एक माझ्याकडे आहे. दुकानदाराला त्या दिवशी तोटाच झाला, आणि ते दुकान पुढे दीड वर्षात मोबाईल शॉपी झालं. हे लपवून मला गोड गोष्ट सांगायची नाही.

तरी त्या पोराला "नाही होणार बाबा" असंही म्हणवत नाही. कारण आज लेखक लांब नाहीत. चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख घ्या. 'बारोमास' ही त्यांची कादंबरी २००२ ची, साहित्य अकादमी २००४ चं. शिकलेला पोरगा, नोकरी नाही, शेतीत दम नाही, घरात रोज भांडण. हे आपल्याच तालुक्यांतलं आहे, आपल्याच बोलीत. अशी पुस्तकं आपल्या आजूबाजूला लिहिली जातात आणि आपण ती मागवतो पुण्याहून, कुरिअरने. कोल्हटकरांच्या वेळी कागद मुंबईला जाऊन परत यायचा, तसंच.

म्हणून गेल्या शनिवारी मी आमच्या शाळेजवळच्या स्टेशनरीवाल्या काकांकडे गेलो. मी पाचवीत असल्यापासून त्यांच्याकडून वह्या घेतोय. म्हटलं, "काका, एका संध्याकाळी दुकानात लेखक बसवला तर चालेल का? वीस प्रती मी आणतो, उरल्या तर मीच परत नेतो. तुमचं काही जाणार नाही."

काकांनी चष्मा वर केला. "बसवशीन कुठी त्याले?"

खरंच, दुकानात जागा दीड माणसाची. काउंटर, झेरॉक्सचं मशीन आणि मधे पोरांची रांग.

"बाहेर ओट्यावर. आठ वाजता, गिऱ्हाईक कमी झाल्यावर."

"अन् लोक किती?"

"पंधरा."

"पंधरा तं माह्याकडे रोज उधारीवाले येते." मग थोडा वेळ पावतीबुक उलटसुलट करत राहिले. "लेखक कोणता आणतं?"

मी दोन-तीन नावं सांगितली. एकाच्या नावाला ते थांबले. म्हणाले, त्याचं पुस्तक मागे एका मास्तरांनी मागितलं होतं, मिळालं नव्हतं. वरच्या फळीकडे बघितलं, तिथे नव्हतंच ते. मग म्हणाले, "सध्या परीक्षा चालू हायेत, झेरॉक्सची गर्दी आहे. एप्रिलात ये."

एवढंच ठरलंय. तारीख नाही, लेखकाला अजून फोनही केलेला नाही. ज्याने तो व्हॉइस मेसेज पाठवला, त्याने मला परत एक पाठवावा, पण यावेळी नाव आणि मोहल्ला सांगून. खुर्च्या उचलायला माणूस लागणार आहे.